मनगटावरची कट्यार

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. मुरार.
सकाळी सव्वानऊला स्मृतीबरोबर सरकारी दवाखान्यात. सहावा महिना. वजन एकसष्ट किलो, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन दहा. गर्दी फार, बाकावर तासभर बसलो. काविळीच्या दोन तपासण्या झाल्या. बी नाही. सी निघाली. खात्रीसाठी मोठी तपासणी करायची, रक्त घेतले, आठ-दहा दिवस लागतील. विमलने स्मृतीला प्रश्न विचारले. मी शेजारी होते. मी काही बोलले नाही. घरी येऊन वरणभात केला. संध्याकाळी समरजीतला सांगितले. सहा कपांपैकी एकाच्या दांडीला लाल दोरा बांधून तो स्मृतीसाठी वेगळा ठेवला.

शालिनीताईंच्या डायऱ्यांत ‘मी काही बोलले नाही’ हे वाक्य शोधायला गेलात, तर फारसे हाती लागणार नाही. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्या गप्प बसल्याचे मुरारात कोणाला आठवत नव्हते. दुधातले पाणी, गल्लीत आडवी लावलेली मोटारसायकल, पुजाऱ्याने गाळलेला श्लोक, सगळ्यावर त्यांचे मत असे. बहुतेक वेळा ते बरोबर निघे, आणि हीच लोकांची अडचण होती. तीस वर्षे त्यांनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवले. अजूनही भाजी घेताना मागून कोणी “नमस्ते टीचरजी” म्हटले, की त्या वळून आधी त्या बाईची नखे पाहत आणि मग चेहरा.

डायरीची सवय त्यांना कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेसनी लावली. सातवीतल्या शालिनीने एकदा वहीत पानभर रडगाणे लिहिले होते. सिस्टरनी ते वाचले आणि म्हणाल्या, “घडलं ते लिही. वाटलं ते देवाला सांग, त्याच्याकडे ऐकायला वेळ आहे.” तेव्हापासून छप्पन्न वर्षे रोज दिवेलागणीनंतर आठ-दहा ओळी, आणि शेवटची ओळ घराची. काय संपले, काय फुटले, काय दुरुस्त झाले. त्यांचे यजमान मुकुंदराव चेष्टेने म्हणत, “मी मेलो त्या दिवशीही ही लिहील, पाण्याची मोटर बिघडली म्हणून.” सहा वर्षांपूर्वी ते गेले, त्या दिवशी मोटर चांगली चालू होती. शालिनीताईंनी तसेच लिहिले.

तर त्या मंगळवारी दवाखान्यात झाले ते असे.

स्मृती ही त्यांची सून, एकुलत्या एका समरजीतची बायको. माहेर सागरचे, शिक्षण भोपाळला हॉस्टेलात राहून झालेले, नोकरी शहरात महाराज बाड्यावरच्या बँकेत. बाळंतपण घराजवळ व्हावे म्हणून शालिनीताईंनीच तिचे नाव मुरारच्या दवाखान्यात घातले. तिथे नाव घालणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचे रक्त तपासतात, हिचेही तपासले. निकाल सांगायचे काम विमल सिस्टरचे होते. विमल शालिनीताईंची जुनी विद्यार्थिनी, इंग्रजीत दोनदा नापास झालेली.

“टीचरजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? हे सवाल मी पेशंटला एकटीला विचारते.”

“मी काय तिच्याऐवजी उत्तरं देणार आहे?”

“तुम्ही? हो.” विमल हसून म्हणाली.

“बसू दे ना, सिस्टर,” स्मृती म्हणाली. “आई शेजारी असल्या की मला बरं वाटतं.”

विमलने सांभाळून, घाई न करता निकाल सांगितला. हिपॅटायटिस सी. रक्तातून येणारा यकृताचा आजार. मग फॉर्म पुढे ओढला. कधी रक्त चढवले होते का? ऑपरेशन? दाताचे काम? कुठे गल्लीतल्या छोट्या डॉक्टरकडे सुया टोचून घेतल्या? घरात कोणाला लिव्हरचा त्रास?

“अपेंडिक्सचं ऑपरेशन, दहावीत असताना,” स्मृती म्हणाली. “आणि एक दाढ काढली होती, सागरला.”

“गोंदण? टॅटू?”

स्मृतीने स्वेटरची डावी बाही हळूच तळव्यापर्यंत ओढली. “नाही,” ती म्हणाली.

शालिनीताईंनी ती बाही पाहिली. त्या बाहीखाली काय आहे, हे त्यांच्याइतके त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते, कारण तिथे ते त्यांनीच गोंदवून घेतले होते. आणि छप्पन्न वर्षे घडले ते लिहिणारी ती बाई हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत बसली.

विमल पुढे बरेच काही सांगत होती. त्यांच्या कानात ‘रक्तातून’ एवढा एकच शब्द अडकून राहिला. घरी येऊन त्यांनी कपाला दोरा बांधला तो त्या गोंधळात.

समरजीतने ही गोष्ट आपल्या आतेभावाला, केदारला सांगितली. केदारने आईला सांगितली. गुरुवारी संध्याकाळी दाल बाजाराकडून रिक्षा करून उषाताई हजर झाल्या. उषाताई म्हणजे मुकुंदरावांची धाकटी बहीण, शालिनीताईंची नणंद. त्या आल्या की आधी पायपुसणे सरळ करत आणि मग घर. चहा पुढे आला तेव्हा त्यांनी कप उचलून त्याची दांडी पाहिली.

“दोऱ्याचा कोणाचा, वहिनी?”

“स्मृतीचा.”

“बरं केलंत.” त्यांनी तरीही चहा घेतला नाही. “वहिनी, एक बोलू का? वाईट वाटून घेऊ नका.”

“वन्सं, तुम्ही असं म्हणालात की मला आधीपासूनच वाईट वाटायला लागतं.”

“हा रोग काय हवेतून येतो? चार वर्षं हॉस्टेलात राहिलेली पोर. लग्नाच्या आधीचं आपल्याला काय माहीत? मी काही म्हणत नाही हं. लोग कहते हैं.”

“लोग म्हणजे कोण?”

“लोग म्हणजे लोग! तीस तारखेचं डोहाळेजेवण राहू दे. तिला सागरला पाठवा. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, कोणी विचारणारसुद्धा नाही. मग बघू.”

‘मग बघू’ या दोन शब्दांत परतीचे तिकीट नव्हते, हे शालिनीताईंना कळले. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या स्मृतीलाही कळले असावे, कारण लाटण्याचा आवाज थांबला.

उषाताई गेल्यावर समरजीत घुटमळत राहिला. चप्पल घालून फाटकापर्यंत जाई आणि परत येई. शेवटी आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

“आई, तिला भोपाळला असताना… म्हणजे, कोई बात थी क्या? तुझ्याशी काही बोललीय?”

“तिला विचार.”

“कसं विचारू?”

“जे बायकोला विचारायची लाज वाटते, ते आईला विचारायची वाटत नाही?”

तो मान खाली घालून गेला. थोड्या वेळाने स्मृती आली. तिच्या हातात पिवळ्या लोकरीचे अर्धे विणलेले झबले होते. “आई, मी सागरला जाऊन येते. सगळ्यांना सोपं होईल.”

“आणि तुला?”

झबल्याच्या सुया तिने पिशवीत नीट आडव्या ठेवल्या, टोके आत करून.

दुसऱ्या दिवशी स्मृती बँकेत गेल्यावर शालिनीताईंनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. घडले ते ठाऊक असणे वेगळे आणि आपल्या हातचे अक्षर वाचणे वेगळे. २०२३ची डायरी तपकिरी होती. पान सापडायला वेळ लागला नाही.

‘रविवार, २२ जानेवारी २०२३. दुपारी मेळ्यात. मी, वन्सं, सोनिका, स्मृती. गुरुवारी स्मृतीचे पहिले हळदीकुंकू, त्याआधी घरची कट्यार गोंदून घ्यायची. गोंदणाऱ्याकडे रांग. पहिली एक अनोळखी बाई, मग सोनिका (हातावर ‘केदार’. ती नको म्हणत होती, वन्सं म्हणाल्या, स्मृती बसते आहे तर तूही बस), मग स्मृती. बॅटरीचे यंत्र. सुई एकच, शाईची वाटी एकच, पुसायचे फडके एकच. स्मृतीने विचारले, आई, सुई बदलतो का तो? मी म्हणाले, इतक्या बायका बसल्या, कोणाला काही झाले का? मग ती बसली. रडली नाही. येताना सगळ्यांनी सॉफ्टी खाल्ली. गिरणीतून दळण आणायचे राहिले.’

या कट्यारीची कथा घरातल्या प्रत्येक सुनेला सांगितली जाई. पूर्वज दख्खनेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले. फौज पुढे, बायकामुले मागच्या तळावर. धावपळीत एखादी चुकली-माकली, तर मनगटाच्या आतल्या कट्यारीवरून ती कोणत्या घरची ते कळावे, म्हणून हे गोंदण. लढाया सरल्या, पेन्शनी आल्या, पेन्शनींच्या जागी नोकऱ्या आल्या, पण कट्यार राहिली. शालिनीताईंच्या मनगटावर ती १९७९ साली आली. गोंदणारीण घरी आली होती, तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधून. कॉन्व्हेंटात शिकलेली ती नवी नवरी हमसून हमसून रडली होती. आपल्या सुनेला हे करायचे नाही, असे तेव्हा तिला वाटले होते. पण ते नुसते वाटले होते, घडले नव्हते, म्हणून डायरीत ते कुठेच नव्हते. आणि लिहून न ठेवलेले ती विसरली.

स्मृती घरी आली तेव्हा टेबलावर डायरी उघडी होती.

“बस,” शालिनीताई म्हणाल्या. “विमलपुढे हात का लपवलास?”

स्मृतीने पान वाचले. “त्या तुमच्या विद्यार्थिनी. त्यांच्यासमोर तुमचं नाव कसं घेणार? तुम्ही मला तिथे प्रेमानेच नेलं होतंत.”

“प्रेमाने नेलं म्हणून सुई उकळून निघते का?”

“नाही, पण…”

“पण-बिण नाही. तू मला विचारलं होतंस. मी तुला गप्प केलं. ते इथे लिहिलंय, बघ, माझ्याच अक्षरात.” त्यांनी डायरी मिटली. “सागरची पिशवी रिकामी कर. उद्या विमलकडे जायचंय.”

शनिवारी विमलने ते पान दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

“टीचरजी, याच सुईने आलं, असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. अपेंडिक्स आहे, दाढ आहे. कुठूनही आलं असेल.”

“मग खोदून खोदून विचारता कशाला? औषध बदलतं?”

“नाही. गोळ्या त्याच. पण त्या सुईखाली अजून कोण बसलं होतं, ते कळतं.” विमलने पानावर बोट ठेवले. “ही सोनिका कोण?”

शालिनीताईंनी ते पान काल चार वेळा वाचले होते. प्रत्येक वेळी त्यांना त्यात स्वतःचीच चूक दिसली. सोनिकाचे नाव डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते.

“माझ्या नणंदेची सून.”

“तिची तपासणी झालीय?”

“नाही. गेलं वर्षभर थकल्यासारखी असते. वन्सं म्हणतात, आळशी आहे.”

“आजार अंगात असून बरीच वर्षं काही जाणवत नाही, टीचरजी. जाणवलं तर असंच, थकवा. त्यांना आणा.”

मग विमलने मंगळवारी सांगितलेले सगळे पुन्हा सांगितले, आणि या वेळी शालिनीताईंनी वही काढून टिपून घेतले. अशा आईच्या शंभरातल्या पाच-सहा बाळांनाच हा आजार होतो, बाकीची बाळे सुटतात. केवळ यासाठी पोट फाडायची गरज नाही. अंगावर पाजता येते, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त आले तर तेवढ्यापुरते थांबायचे. गरोदरपणात गोळ्या देत नाहीत. बाळंतपणानंतर डॉक्टर ठरवतील तेव्हा बहुधा बारा आठवडे, सरकारी केंद्रात फुकट, आणि शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. बाळाची तपासणी कधी करायची, ते दवाखानाच सांगेल. घरात दाढीचे पाते, नेलकटर, टूथब्रश ज्याचे त्याचे. बाकी एका ताटात जेवा.

“आणि कप?”

“कपाने काही होत नाही. का?”

“मी दोरा बांधलाय एकाला.”

“टीचरजी!”

“ओरडू नकोस. आज सोडते.”

घरी येताच त्यांनी कात्रीने दोरा कापला, कप घासून इतर पाचांत ठेवला, आणि सोनिकाला फोन लावला. सोनिकाने सगळे ऐकून घेतले. “मामी, मी येईन हो. पण सासूबाई…” एवढे म्हणेपर्यंत फोन उषाताईंच्या हातात गेला होता.

“वहिनी, तुमच्या घरचं तुमच्या घरात ठेवा. आमच्या सोनिकाचं नाव यात घ्यायचं नाही. बस्स.”

फोन बंद झाला.

शुक्रवारी मोठ्या तपासणीचा निकाल आला. स्मृतीच्या रक्तात विषाणू होता. समरजीतचे रक्त तपासले होते, त्याच्यात नव्हता. त्या संध्याकाळी शालिनीताईंनी मुलाला समोर बसवून जानेवारीचे पान वाचायला लावले. वाचून झाल्यावर तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे काय बोलणे झाले, ते त्यांनी ऐकले नाही, म्हणून लिहिलेही नाही. बऱ्याच वेळाने स्मृतीचा आवाज तेवढा बाहेर आला, “अच्छा, आता भांडी तरी घास!”

“रविवारी हे पान सगळ्यांपुढे वाचणार आहे,” शालिनीताई नंतर तिला म्हणाल्या. “सोनिकाला त्या घरातून बाहेर काढायला दुसरा मार्ग मला दिसत नाही. तिला मी विचारलंय, व्हॉट्सॲपवर. ‘पढ़ दीजिए मामी’ म्हणाली. आता तू सांग. तू नको म्हणालीस तर नाही.”

स्मृतीने विचार केला. “डायरी तुम्ही वाचा. माझा रिपोर्ट मी सांगेन. तो माझा आहे.”

“बरोबर आहे,” शालिनीताई म्हणाल्या. हे शब्दही त्यांच्या तोंडून तसे क्वचितच निघत.

डोहाळेजेवणाला बारा-तेरा बायका आल्या. स्मृती हिरव्या साडीत, अंगावर शेवंतीचे दागिने, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत. उषाताई आल्या. न येऊन कसे चालेल, भाच्याची बायको! पण बसल्या दाराशी, आणि पर्समध्ये पाण्याची बाटली घरून आणलेली. सोनिका त्यांच्यामागे. ओटी भरून झाली, झाकलेल्या वाट्यांतून स्मृतीने पेढ्याची उघडली, “मुलगा, मुलगा!” असा गलका झाला. तो ओसरल्यावर शालिनीताई उभ्या राहिल्या.

“गाणी नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी मला एक वाचायचंय.” आणि शाळेत धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात त्यांनी ते पान वाचले. सुई एकच, वाटी एकच, फडके एकच. ‘मी म्हणाले, इतक्या बायका बसल्या, कोणाला काही झाले का?’ त्यांनी गाळले काही नाही. सॉफ्टी आणि दळणसुद्धा वाचले.

मग स्मृती बसल्या जागेवरून म्हणाली, “त्या कोणाला काही झालं का, त्याचं उत्तर मी आहे. निदान असू शकते. मला हिपॅटायटिस सी आहे. बाळंतपणानंतर गोळ्या घेणार, ठीक होणार. आणि मी सागरला जात नाहीये. बाळंतपण इथेच.”

“वहिनी!” उषाताई उठल्या. “चार बायकांत माझी मान खाली घालायला लावलीत!”

“नाही, वन्सं. मान माझी खाली आहे. त्या पानात तुमचं वाक्य एक आहे, मुख्य वाक्य माझं आहे. हॉस्टेलचं नाव घ्यायचं असेल तर आधी मेळ्याचं घ्या. तिथे तिला मी नेलं.”

“अगं बाई,” कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या आणि पदराखालून दंड बाहेर काढला. “मी तर मेळ्यातच आख्खा मोर काढून घेतलाय. पिसाऱ्यासकट!”

कोणी तरी फिसकन हसले, आणि मग एकेक हात पुढे येऊ लागला. कोणाच्या मनगटावर नवऱ्याचे नाव, कोणाच्या ओम, तिघींच्या कट्यारी. सोनिका सासूच्या मागून निघाली आणि सरळ स्मृतीपाशी जाऊन बसली. पेढा स्मृतीने अर्धा खाल्ला होता. उरलेला सोनिकाने उचलून तोंडात टाकला.

“सोनिका!” उषाताई ओरडल्या.

“सासूबाई, सुई एक थी हमारी. पेढ्याने आता काय व्हायचंय?” मग सगळ्यांकडे वळून ती म्हणाली, “मी मंगळवारी मामींबरोबर जातेय.”

मंगळवारी आठ जणी गेल्या. विमलने दारातूनच विचारले, “टीचरजी, हजेरी घेऊन आलात का?” शालिनीताईंनी खरोखरच यादी आणली होती. वय, गोंदणाचे साल, ऑपरेशन, रक्त चढवले असल्यास कधी. पहिले नाव स्वतःचे.

उषाताई नवव्या. त्या कोणाला न सांगता मागून रिक्षाने आल्या आणि बाकाच्या टोकाला टेकल्या. नऊपैकी आठ जणींचे रक्त स्वच्छ निघाले. शालिनीताईंचे, उषाताईंचे, मोरवाल्या काकूंचेही. सोनिकाचे नाही.

उषाताई बाकावरून शालिनीताईंच्या शेजारी सरकल्या.

“वहिनी, ते ‘केदार’ मीच लिहायला लावलं ना?”

“हो.”

“ती नको म्हणत होती?”

“हो. तसं लिहिलंय.”

“ते खोडता नाही येत?”

“नाही, वन्सं. पण आज तुम्ही तिच्यासाठी आलात, तेही लिहीन.”

सोनिका गरोदर नव्हती, त्यामुळे तिला थांबायचे कारण नव्हते. पुढच्या तपासण्या झाल्या, विषाणू सापडला, यकृताला अजून काही झालेले नव्हते. वेळेवर आलात, असे डॉक्टर म्हणाले. १६ डिसेंबरला तिला गोळ्यांची पहिली बाटली मिळाली. त्याच सकाळी स्मृतीची सोनोग्राफी झाली. बाळ डोके खाली करून, दोन्ही पाय भिंतीला लावल्यासारखे पडले होते. “आजीवर गेलंय,” समरजीत म्हणाला. “आत्तापासून जागा बदलायला तयार नाही.”

दवाखान्यातून सगळे मुरारच्या घरीच आले. बाळाच्या तपासणीला अजून अवकाश होता. शंभरातली पाच-सहा बाळे कोणाची असतात, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि शालिनीताईंना ते रोज सकाळी उठल्याबरोबर आठवे. पण घरात आता ते मोठ्याने बोलता येत होते. सोनिकाने पहिली गोळी तिथेच, सगळ्यांसमोर घेतली. कट्यारीचे काय करायचे, याचाही निकाल शालिनीताईंनी तेव्हाच लावून टाकला. पुढच्या सुनेच्या हातावर कट्यार मेंदीची.

“आणि मेंदी गेल्यावर?” उषाताईंनी विचारले.

“तेव्हा ती कोणत्या घरची, हे तिच्या फोनमध्ये असतं, वन्सं.”

उषाताईंना हसू आले. स्मृती चहा घेऊन आली. सहाही कप ट्रेमध्ये होते, पांढरे, निळ्या काठाचे. उषाताईंनी हाताला लागला तो उचलला आणि साखर कमी असल्याचे सांगून संपवला. सगळे पांगल्यावर दिवेलागण झाली. स्वयंपाकघरात समरजीत भांडी घासत होता, तिथून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. शालिनीताईंनी तारीख घातली, सोनिकाची गोळी लिहिली, वन्संचे पुन्हा दवाखान्यात येणे लिहिले, बाळाचे वजन लिहिले, आणि शेवटची ओळ घराची.

‘घासताना एक कप फुटला, पाच राहिले. कोणता फुटला ते सांगता येत नाही, सगळे सारखेच होते.’